यानातली शिंपीण

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा तिच्या हातात नुकत्याच डिंक लावलेल्या पुस्तकांची चळत होती. ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं बांधायचं काम तिचं, म्हणून सगळे तिला डिंकाताई म्हणत. वरच्या फटीतून आधी एक बॅटरी दिसली, मग दोन हसरे डोळे.

“घाबरू नका, पाचच मिनिटं!”

“मी कुठे घाबरतेय? डिंक वाळतोय, त्याची काळजी आहे.”

“मग आधी पुस्तकं द्या वर. तुम्ही काही… वाळणार नाही.”

ती सुटून वर आली, तर हा लिफ्टवाला पायरीवर बसून त्यातलीच एक विज्ञान कादंबरी वाचण्यात गढलेला. रीतसर नोंद करून तो ती घरी घेऊन गेला.

पुढच्या मंगळवारी लिफ्टला तेल घालायला आला आणि थेट तळघरात तिच्या टेबलाशी उभा राहिला.

“एक विचारू? यान शनीच्या पुढे गेलंय, इंधन संपत आलंय, आणि मध्येच सोळा पानं एक शिंपीण कोट शिवत बसते! गिऱ्हाईक काही कोट न्यायला येत नाही. मग पुन्हा यान. या बाईचं प्रयोजन काय?”

तिने कादंबरी वाचली नव्हती. पण हार मानेल ती डिंकाताई कसली? “लेखकाने उगाच घातली असेल का?” असं ठणकावून तिने पुस्तक मागून घेतलं आणि दोन दिवसांत वाचून काढलं.

मग दर मंगळवारी वाद रंगू लागला. शिंपीण कप्तानाची आई आहे, असं तिचं म्हणणं. तो म्हणे, छे, कोट म्हणजे मागे राहिलेली पृथ्वी. लिफ्टला इतकं तेल मिळालं की ती कुरकुरायचीच विसरली. आणि मंगळवारी सकाळी आपण केस दोनदा का विंचरतो, हे डिंकाताईला पुरतं कळून चुकलं होतं.

एका सोमवारी मात्र एक आजी तणतणत खाली आल्या. “अगं, चांगली शिंपिणीची गोष्ट वाचतेय, तर तिच्या दुकानात हे यान कुठून घुसलं?”

डिंकाताईने दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडली. दोन कादंबऱ्या, एकच आकार, एकच टाइप, एकाच दिवशी उसवलेल्या. शिवताना सोळा पानांचा एकेक फर्मा इकडचा तिकडे गेला होता. पृष्ठक्रमांक तेच, म्हणून तपासतानाही कळलं नाही. प्रयोजन कसलं नि काय! सगळा तिचाच घोळ.

गप्प बसावं? सांगितलं तर वाद मिटणार, मंगळवार संपणार. पण त्याच्या तोंडावर खोटं बोलणं तिला जमणारं नव्हतं.

“शिंपीण त्या यानातली नाहीच,” दुसऱ्या दिवशी तो आल्या आल्या ती म्हणाली. “मी चुकीची पानं शिवली. महिनाभर तुम्हाला उगाच…”

तो हातातला पाना फिरवत राहिला. कान लालबुंद.

“मला माहीत होतं.”

“काय?”

“आईने ती शिंपिणीची गोष्ट चारदा वाचलीय. पहिल्याच आठवड्यात माझी फजिती केली तिने.”

“आणि तुम्ही कोट म्हणजे पृथ्वी म्हणत होतात!”

“मग काय करणार? सांगितलं असतं, तर तुम्ही लगेच पुस्तक उसवलं असतं.”

तिला राग यायला हवा होता, पण हसू आवरेना. तिने दोन्ही पुस्तकं समोर ओढली आणि टाके कापायला घेतले. काम ते काम.

“शेवटी कोट न्यायला येतो का कोणी?” तिने मान वर न करता विचारलं.

“येतो. कोट तयार असतो, तरी रोज येतो. म्हणतो, बाही जरा बघा.”

सोळा-सोळा पानं आपापल्या घरी गेली. तो दारापर्यंत गेला… थांबला.

“लिफ्ट ठणठणीत, पुस्तक ठणठणीत. आता मंगळवारी काय कारण सांगून येऊ?”

“शिंपीण इतके दिवस यानात राहिली, तिला कुठे होतं कारण?” पुढच्या पुस्तकासाठी सुईत दोरा ओवत ती म्हणाली. “या तुम्ही. आणि मंगळवारच कशाला?”