चंद्रीचं रेडकू

चंद्री म्हशीला ती विण्याआधी गाठायचं! एवढ्यासाठी द्रौपदी अंबाडी गावापलीकडच्या रानात शिरली होती. सोबत होता पुतण्या धनेश, गुरांच्या दवाखान्यातला मदतनीस. चंद्रीच्या रक्तात ब्रुसेलाचे जंतू सापडले होते. तेच जंतू द्रौपदीच्या नवऱ्याला, रामदासला, बाधले होते. मागच्या खेपेला म्हैस गाभडली तेव्हा त्याने मेलेलं रेडकू उघड्या हातांनी ओढून काढलं होतं. गावात सगळेच तसं करतात; ओढायचं आणि हात लुंगीला पुसायचे. तेव्हापासून त्याचा ताप जाई, पुन्हा येई, आणि सांधेदुखीने त्याला अंथरुणाला खिळवलं होतं.

आता दावं तोडून म्हैस रानात पळाली होती. या वेळचं रेडकू जिवंत घरी न्यायचंच, असा द्रौपदीने निर्धार केला होता. करवंदीच्या जाळ्यांनी हात ओरबाडले, तरी ती खुरांचा माग काढत पुढे चालली होती.

वाटेत ओढा आडवा आला, तुडुंब भरलेला. मधोमध धनेशचा पाय सटकला! खांद्यावरची पिशवी सुटली, पाठोपाठ तोही वाहू लागला. पिशवी द्रौपदीच्या हाताशी होती, धनेश थोडा लांब. तिने झेप घेऊन त्याचं मनगट धरलं. पिशवी गेली! हातमोजे, औषध, सगळं गेलं.

पलीकडे सागाखाली चंद्री आडवी पडली होती. रेडकाचे पुढचे पाय बाहेर आले होते. डोकं अडकलं होतं. पाय हलत होते!

द्रौपदी धावली.

"काकी, हात लावू नको!"

"जित्तं हाय रं! डोकं वळवलं का येल भायेर."

"हात सोललेत तुझे. काकाची गत बघतेस ना?"

"सागाची पानं गुंडाळते."

"पानांतून जंतूचं पाणी झिरपतं, काकी. न्हाय भागायचं त्यानं."

गावातल्या किती म्हशी तिने सोडवल्या होत्या! अवघड वेणीला लोक तिलाच हाक मारत. आज ती चार हात लांब उभी होती. चंद्री तिच्याकडे बघून रेकत होती. द्रौपदीला स्वतःची चीड आली, धनेशची आली, त्या ओढ्याचीही आली. हळूहळू रेडकाचे पाय हलायचे थांबले.

बऱ्याच वेळाने ते बाहेर पडलं. चंद्री त्याला चाटत राहिली. मग धनेशने कमरेला गुंडाळलेल्या दोराचा लांबूनच फास टाकून तिला झाडाला बांधलं. मेलेल्या रेडकाला कुत्र्यांनी ओढू नये म्हणून दोघांनी लांबूनच त्यावर काटेरी फांद्या टाकल्या. पुढचं काम डॉक्टर सकाळी येऊन करणार होते.

घरी रामदास कण्हत उठून बसला.

"व्याली काय गं?"

"व्याली," द्रौपदी म्हणाली. "मी नुसती बघत व्हती."