हात ठेवू का?

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली, दिवा गेला आणि मी जी किंकाळी फोडली, ती सगळ्या इमारतीला ऐकू गेली असणार. मला बंद जागेची भीती वाटते. अंधाराची वाटते, पालीची वाटते, अनोळखी नंबरवरून फोन आला तरी वाटते. मावशी मला उगाच भागूबाई म्हणत नाही.

"आत कोण आहे?" वरून आवाज आला. शांत, जरा खर्जातला.

"मी!"

"मी म्हणजे?"

"मी म्हणजे... अहो, मी मरणारेय!"

"आजच? मग घाई करायला हवी." आवाजात हसू होतं. "मी लिफ्टवाला. तुमची पेटी कुठंही पडत नाहीये. दार उघडेपर्यंत माझ्याशी बोलत राहा. काय काम करता?"

"लोकांची... भीती घालवते," मी हुंदके देत म्हणाले.

वर तो इतका खळखळून हसला की रडता रडता मलाही हसू फुटलं.

काम खरंच तेच आहे. तिसऱ्या मजल्यावर मावशीच्या दोन खोल्या आहेत. तिथं माणूस कपड्यांनिशी आडवा होतो आणि आम्ही त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर, पावलांवर नुसते तळहात ठेवतो. दाबणं नाही, चोळणं नाही. येणाऱ्यांपैकी कुणी त्याला ऊर्जा म्हणतं, कुणी माया. "आपण कुणाला बरं करत नाही," मावशी म्हणते, "माणूस जरा सैल होतो, पुढचं त्याचं तो बघतो." तिचा नियम मात्र कडक. आधी आपले हात एकमेकांवर घासून गरम करायचे आणि दर वेळी विचारायचं — हात ठेवू का? समोरचा 'ठेवा' म्हणाला तरच ठेवायचे.

दार अर्धवट उघडलं आणि वरून एक हात आत आला. मी तो घट्ट धरला. वर चढता चढता लक्षात आलं, हा हात थरथरतोय... माझ्याहून जास्त.

"अहो, तुम्हीच घाबरलाय!"

"हळू बोला," तो कुजबुजला. "धंदा बसेल माझा."

कपाळावर घाम, नाकावर ग्रीसचा काळा ठिपका आणि डोळे मात्र हसरे. मग त्यानं सांगून टाकलं. लिफ्ट जिच्यातून वरखाली जाते त्या अंधाऱ्या विहिरीत काम करताना तो पेटीच्या छतावर उभा होता आणि पेटी अचानक एक मजला खाली घसरली. खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून डोळे मिटले की तो पडतच असायचा. विहिरीत उतरायचं काम तो काही ना काही सबब सांगून टाळत होता, आणि सबबी संपत आल्या होत्या.

"तिसऱ्या मजल्यावर या," मी म्हणाले. जिन्यानं धापा टाकत गेले ते वेगळं.

तो आला. आडवा झाला. डोळे टक्क उघडे.

"मिटा ना डोळे."

"मिटले की खाली जातो मी."

"बरं, उघडे ठेवा. छताकडे बघा."

"छत दिसत नाहीये," तो म्हणाला. "मध्ये तुम्ही आहात."

माझे कान तापले आणि हात गार पडले. मावशीचं मत आहे की हात गार पडले म्हणजे आपल्यालाच त्या माणसाकडून काहीतरी हवंय. मग तो माणूस दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवायचा. मी काय केलं? तो यायच्या आधी गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसायला लागले. मावशीला कळेल याची भीती, त्याला कळेल याची भीती आणि तो यायचा बंद होईल याची तर सगळ्यात जास्त. तरी त्याची पावलं जिन्यावर वाजली की जीव हरखून जायचा.

आणि एका दुपारी बाहेर पावसाची भुरभुर चालू असताना त्यानं डोळे मिटले. खांदे सैल सुटले, श्वास लांबला. चक्क घोरायला लागला, बारीक आवाजात. त्याचा एक हात पलंगाच्या कडेला उताणा पडला होता. तो हात धरणं आमच्या कामात कुठंच बसत नाही. मी धरला... न विचारता.

मान वर केली तर दारात मावशी. हातातले धुतलेले टॉवेल तिनं खुर्चीवर ठेवले आणि ती निघून गेली.

तो गेल्यावर ती म्हणाली, "भागूबाई, झोपला होता ना तो?"

"हो."

"त्याला कोण सांगणार? तू की मी?"

"सांगितलं तर तो परत येणार नाही गं मावशी."

"आणि न सांगता येत राहिला, तर चालेल तुला?"

पुढच्या वेळी पोटात दुखतंय म्हणून मी आतल्या खोलीत लपले आणि त्याच्या डोक्यावर मावशीनं हात ठेवले. त्याच्या पुढच्या आठवड्यात आमची लिफ्ट पुन्हा अडली. तो आला आणि विहिरीत उतरला. मी तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून उभी. खालून हातोडीचे ठोके यायचे. ते थांबले की माझाही श्वास थांबायचा.

तो वर आला तेव्हा चेहरा ग्रीसनं माखलेला आणि आनंदानं फुललेला.

"उतरलो! तुमच्या हातांनी केलं हे. चला, आता चाचणी."

तुमच्या हातांनी! ते दोन शब्द मला सहन होईनात. मी त्याच्यामागून लिफ्टमध्ये शिरले, दार बंद झालं आणि मी डोळे मिटून सगळं सांगून टाकलं. गार हात, गरम पाण्याचा पेला, ती दुपार.

लिफ्ट थांबली. त्यानंच बटण दाबलं होतं.

"तुम्ही मला विचारायला हवं होतं," तो हळूच म्हणाला. हसू नव्हतं.

"हो."

"तेव्हा मी पहिल्यांदा डोळे मिटले होते."

"माहीत आहे..." मी डोळे उघडले. "यापुढे मी नाही, मावशीच बघेल तुमच्याकडे. तिचे हात कायम गरम असतात."

"आणि तुमचे?"

"तुमच्यासमोर गारच."

आता हा दार उघडेल आणि जिन्यानं निघून जाईल... कायमचा. मी रडायच्या बेतात होते.

"तेव्हा मी झोपलो होतो," तो म्हणाला. "आता जागा आहे. विचारा."

सवयीनं मी हात घासले. गरम होईनात.

"हात... ठेवू का?"

त्यानं तळवा पुढं केला.

"ठेवा."

मी ठेवला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यानं दुसरा हात बटणाकडे नेला.

"थांबा," मी म्हणाले. "असू दे जरा इथंच."