मनकर्णेचे तोडे

चंद्रभान, तुह्या बैलाच्या शिंगावरच्या शेंब्या पितळेच्याच हायेत नं? बरं हाये. राहू दे तशाच. हासू नोका रे पोट्टेहो. गाड्या सोडल्या, बैल बसले, आन् दर्यापूर काही सकाळपर्यंत पळून जात नाही. शेकोटीजवळ सरका. चांदीच्या शेंब्यायची गोठ सांगतो. कुठून आयकलेली नाही, माह्या मावसबहिणीच्या, कौशल्येच्या घरची हाये.

तीन सालांखाली, पोळ्याच्या आदल्या दिवशीची सांज. तेल्हाऱ्याच्या पल्याड कौशल्येचं सासर. नवरा खुशालराव बैलाच्या झुली आणाले तेल्हाऱ्याले गेला आन् नदीले पूर आला, म्हणून तिकडंच अडकला. मंग घरी खांदशेकणी कोण करन? कौशल्येनं लोण्यात हळद कालवली, पळसाचे पानं घेतले, दिवा घेतला आन् गोठ्यात गेली. सालभर जू वाहून सोलपटलेला बैलाचा खांदा चोळाचा, शेकाचा, आन् आवतन द्याचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' आपल्या बापजाद्यायपासून चालत आलेलं काम. त्यात भ्याचं काय?

पण ते साल कोणतं होतं, आठवा. परमुलखात कुठीसी लढाई लागली होती आन् आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला होता. माणसं येडे झाले होते. कोणी गाडीच्या चाकाले चांदी मढवे, कोणी बैलाच्या गळ्यात पुतळ्यायची माळ घाले. खुशालराव कायले मागं राह्यते? त्यानं ढवळ्याच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या केल्या. आन् चांदी बाजारातून आणली नाही. घरात होती तेच आटवली.

ती चांदी मनकर्णेच्या पायातल्या तोड्यायची होती. मनकर्णा म्हणजे खुशालरावाची पहिली बायको, त्याच्या पोरीची, सुभद्रेची, माय. तिच्या मायनं लग्नात घातलेले तोडे. उजव्या तोड्याची खीळ वाकडी होती, ती घोट्याच्या वर घासे. घासून घासून तिथं घट्टा पडला होता, बोराएवढा. पण बाईनं कधी तोडा उतरवला नाही. मरणाच्या दिवशी आयाबाया म्हणत, "सवाशीण हायेस बाई, लेणं लेवूनच जाय." तिनं नाही म्हणून मान हालवली. सारं आधीच ठरवून बसली होती.

"नथ घरात ठेवा. लुगडं कोणा गरिबाले द्या. मले काही नोको. तोडे उतरवा माहे. मी उघड्या पायानं जाईन. तोडे माह्या सुभद्रेले."

खुशालरावानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आयाबायायनं रडत रडत तोडे उतरवले. पोरीचे पाय भरले पाहिजेत म्हणून ती माउली चितेवर उघड्या पायानं गेली. आन् या बापानं दोन सालांत ते तोडे सोनाराच्या मुशीत टाकले! कायले? तं बैल मिरवाले. थू त्याच्या मोठेपणावर. मी त्याच्या तोंडावरबी हेच बोललो असतो.

कौशल्येनं म्हणून पाह्यलं, हं. "अवो, ते पोरीचं हाये. तिच्या मायनं राखून ठेवलं."

"चांदीचं काय घेऊन बसली! पुढच्या साली पोरीले सोन्याचे करतो."

कौशल्या दुसरेपणावर देल्लेली. माहेर फाटकं. जास्त बोलली असती तं तोंडात बसली असती. पण सुभद्रा या सावत्र मायले मावशी म्हणे, आन् रोज इचारे, "मावशी, माहे तोडे कवा भेटन?" आन् ही रोज तिले उद्यावर ढकले.

आता चूक कुठी झाली ते पाहा. शेंब्या पोळ्याच्या सकाळी चढवतात. खांदशेकणीले शिंगं उघडे पाहिजेत, काहून का आवतन बैलाचं असते. बैलाच्या आंगावर दुसऱ्या कोणाचं काही असलं, तं आवतन त्यालेबी लागते, असं आपले म्हातारे सांगत. खुशालरावानं मिरवाच्या घाईत शेंब्या आदल्याच दिवशी, तेल्हाऱ्याले निंघाच्या आधी, बसवल्या होत्या. कौशल्येच्या ध्यानातच आलं नाही. तिनं खांदा चोळला, शेकला, हात जोडले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"येईन."

मागून नाही आलं. पुढून आलं. बाईचा आवाज.

कौशल्येनं दिवा वर केला. ढवळ्या उभा होता. रवंथ बंद. शिंगावर चांदी चमकून राह्यली होती. बाकी कोणी नाही. भास झाला असन, असं म्हणून ती घरात आली, पण रातभर डोयाले डोया लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पूर उतरला, खुशालराव परतला. तोरणाखाली सारं गाव त्या शेंब्याच पाहे. सांजेले बैल दारात आले. कौशल्येनं त्यायचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळीचं ताट पुढं केलं. ढवळ्यानं तोंड फिरवलं. खुशालरावानं गोंजारलं, हातानं भरवून पाह्यलं. नाही म्हणजे नाही. ताट तसंच गोठ्यात राह्यलं.

आवसेची रात. सारे झोपले. मधातच कौशल्येले जाग आली. गोठ्याकडून आवाज आला. ताट सरकल्याचा. मंग... बोटं चाटल्याचा.

बैल बोटं चाटत नाही, पोट्टेहो.

ती उठली. दारात आली. डोयात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार.

"कोण हाये?"

...

अंगणात पाय वाजले. उघडे पाय. चिखलात. चपक... चपक... तिच्या आंगाजवळून गेले. हळदीलोण्याचा वास आला. पाय घरात गेले. सुभद्रा निजली होती तिकडं.

"बाई..." कौशल्येच्या तोंडून कसंबसं निंघालं. "बाई, म्या सांगतलं होतं त्याले..."

पाय थांबले.

"पोरीले काही करू नोको..."

...

आतून पोर झोपेत बोलली. "माय, दुखते नं. हळू घाल."

मंग काही नाही. कुत्रंबी भुकलं नाही.

सकाळी ताट साफ होतं. शेंब्या शिंगावर जिथल्या तिथं. सुभद्रा हासत उठली, पण उजवा पाय चोळे. घोट्याच्या वर लाल झालं होतं. कौशल्येनं नवऱ्याले दाखवलं. तो म्हणे, "गोचीड चावली असन," आन् पान खात ओट्यावर जाऊन बसला.

पुढच्या साली लढाई सरली, कापसाचा भाव धाडकन पडला. तुमालेबी मालूम हाये. शेंब्या गेल्या, झुली गेल्या, ढवळ्याबी गेला. सोन्याचे तोडे बापाच्या तोंडातच राह्यले. पोर मांडवात उभी राह्यली ती उघड्या पायानं.

हळद लावताना तिची सासू, मैनाबाई, पायाशी बसली होती. तिचा हात मधातच थांबला.

"इहीणबाई, पोरीच्या पायातली चांदी लग्नाआधी उतरवून घेतली काय वं?"

"नाही बाई," कौशल्या म्हणे. "एक दिवसबी घातली नाही तिनं."

"खोटं कायले बोलता? हे सालोसाल भारी तोडा वागवल्याशिवाय पडत नाही."

खुशालराव खांबाजवळ उभा होता. त्यानं पोरीच्या पायाकडं पाह्यलं... आन् धोतराचा सोगा तोंडाले लावून मांडवाच्या बाहीर निंघून गेला.

सुभद्रा आता बार्शीटाकळीले नांदते. खोटं वाटत असन तं जा आन् पाहा. पायात तिच्या अजून काही नाही. पण उजव्या घोट्याच्या वर घट्टा हाये, बोराएवढा.