आईसाठी रंगवलेली खुर्ची

भुतं रात्रीच येतात असं मानणाऱ्यांना हे पटणार नाही. पण घडलं ते खरं आहे आणि भर दुपारी घडलं, माझ्या मावसबहिणीच्या घरी. आम्ही तिला ताई म्हणतो. तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या मावशीच्या हातांवरचे व्रण मी स्वतः पाहिलेत.

ताईच्या बाल्कनीत तिच्या सासूबाईंची हिरवी लोखंडी खुर्ची होती, गंजून पोपडे आलेली. सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. ताईच्या माहेरावर तर त्यांचा खास राग.

"तुझ्या माहेरचं कुणी माझ्या खुर्चीत बसता कामा नये," असं त्या अंथरुणाला खिळल्यावरही बजावत होत्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा पीळ.

त्या गेल्या. पुढे मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला एकटीला राहणं जमेना. ती कायमची ताईकडे यायची होती. उठताना जोर द्यायला हातांची खुर्ची हवी होती.

"नवी आणू की," भाऊजी म्हणाले.

"घरात दणकट असताना? उगाच."

ताईने तारेच्या ब्रशने गंज काढला. मग पॉलिश पेपर घेतला आणि हिरव्या रंगाचा कणही शिल्लक ठेवला नाही. खाली चकचकीत लोखंड दिसलं. त्यावर तांबडा प्रायमर, आणि तो वाळल्यावर मावशीच्या आवडीचा आकाशी रंग.

दुपारी ती जरा आडवी झाली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

आणि बाल्कनीतून आवाज आला...

खर्र... खर्र... खर्र...

पॉलिश पेपरचा.

ती उठली. आवाज थांबला.

बाल्कनीत कुणी नव्हतं. पॉलिश पेपर तिने ठेवला होता तिथेच, डब्यात होता.

पण खुर्चीच्या दोन्ही हातांवरचा आकाशी रंग गेला होता... खाली प्रायमर नव्हता. लोखंडही नव्हतं.

जुना हिरवा रंग होता. गंजासकट.

ताईची पाचावर धारण बसली.

"घाई केली असशील," संध्याकाळी भाऊजी म्हणाले. "गंज राहिला की रंग धरत नाही."

तिनेही मनाची तशीच समजूत घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासायला बसली, तेव्हा मात्र तिला राग आला. इतकी वर्षं गिळलेला राग.

"माझी आई बसणारच इथे," ती खुर्चीला म्हणाली. "काय करायचं ते करा."

हे बोलायला नको होतं.

या वेळी रंग टिकला. मावशी आली, खुर्चीत टेकली.

"किती गोड रंग दिलायस गं," ती म्हणाली. ताई हसली आणि चहा ठेवायला आत गेली.

दूध उतू जायला आलं, तेवढ्यात...

खर्र... खर्र...

ताई धावली.

मावशी ताठ बसली होती. तिचे हात खुर्चीच्या हातांवर चिकटल्यासारखे. तोंड उघडं, पण आवाज फुटत नव्हता. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी घासून निघाली होती. आणि रक्तात हिरव्या रंगाची भुकटी...

"उचलताच येईनात गं," मावशी नंतर एवढंच म्हणाली. "कुणीतरी दाबून धरले होते."

ती आपल्या घरी परत गेली. एकटी. ताईला तिला थांबवून घ्यायचं धाडस झालं नाही. खुर्ची भंगारवाल्याने नेली. ताई खूप रडली.

परवा तिने आईला फोन केला.

"हात कसे आहेत?"

"भरत आलेत." मावशी थोडी घुटमळली. "तू येऊन जातेस का? दुपारची पडले की पलंगाखाली कुणीतरी लोखंड घासत बसतं."

मावशीचा पलंग लाकडी आहे.

ताई आज सकाळीच तिकडे गेली. आता दुपार झाली आहे. फोन माझ्या हातात आहे, पण लावायचा धीर होत नाही.