शीड क्लबाच्या वहीचं पहिलं पान

वही सापडली सत्यवती तांडेलच्या खोपीत, सुक्या बांगड्यांच्या टोपलीखाली. क्लबाचा सेक्रेटरी ओमकार याने ती दोन बोटांनी उचलून हवालदार महादू कुबलपुढे धरली.

महादू खोपीच्या दारात बसला. निवृत्तीला दोन महिने उरलेले, गुडघे बोलत होते, आणि आता ही वहीची चोरी. आताशा त्याला चोर सापडला तरी आनंद होत नसे.

सत्तावीस वर्षांपूर्वी शिडाच्या तीन होड्यांवर सुरू झालेल्या क्लबाला यंदा, २००४ साली, नवं होडीघर मिळालं होतं. रविवारी त्याला संस्थापकाचं नाव द्यायचं होतं. अध्यक्ष भिकाजी गुरुजी म्हणत, संस्थापक मीच. सत्यवती म्हणे, माझा नवरा बाबली. बाबली वारला होता, तेव्हाचे इतरही गेले होते. निकाल जुन्या वहीवर होता, आणि नेमकी तीच तीन दिवसांपूर्वी कपाटातून नाहीशी झाली. किल्ल्या दोनच. एक गुरुजींकडे, दुसरी केर काढणाऱ्या सत्यवतीकडे.

ओमकारने पहिलं पान वाचलं. "१५ ऑगस्ट १९७७. भिकाजी गुरुजींच्या पुढाकाराने पहिली शर्यत. होड्या तीन."

"अक्षर कोणाचा?"

"गुरुजींचाच. सुरुवातीची सगळी वही तेंच्याच हातची."

महादूने पान बोटाने चाचपलं. कागद पिवळा होता, शिवणीचा दोरा मात्र पांढराशुभ्र.

"वयनी, ही वही तू आणलंस?"

"नाय हवालदारानू. माका वाचूक येणा नाय, मी वही घेवन काय करू?" सत्यवती म्हणाली. "लोक माका चोर म्हणतले. त्या मेलेल्या माणसाचा नाव गेला तर गेला, पण ह्यो चोरीचो आळ?"

"त्या वर्षाचा काय आठवता?"

"यंदासारखेच दोन श्रावण इल्ले. घरात मासळी नाय, हातात काम नाय. विसरान कशी?"

महादू बाहेर आला. स्वातंत्र्यदिन होऊन दोन दिवस झाले होते. किनाऱ्यावर होड्या अजून नारळीच्या झापांखाली झाकलेल्या होत्या. त्याने उसासा टाकला आणि गुरुजींना बोलावणं धाडलं.

गुरुजी आले, नेहमीसारखे इस्त्रीच्या सदऱ्यात. महादूने त्यांना खोपीत सत्यवती आणि ओमकारसमोर बसवलं.

"गुरुजी, तुम्ही मूळचे वैभववाडीकडचे ना?"

"हो. शेतकरी घरातला. का?"

"म्हणून चुकलात. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडल्याशिवाय आमचा माणूस शिडाची होडी पाण्यात घालीत नाही. यंदा अधिक श्रावण, म्हणून पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीस. सत्याहत्तर सालीही तसंच. मग पंधरा ऑगस्टला तीन होड्या शर्यतीला निघाल्या कशा?"

महादूने वही उघडून शिवणीचा पांढरा दोरा त्यांना दाखवला.

"ओमकारसारख्या दर्यावर्दीच्या पोराने ही तारीख घातली नसती. पंधरा ऑगस्ट सुचतो तो शाळेत झेंडा लावणाऱ्याला. आणि अक्षर तुमचं. जुन्या वहीतला कोरा कागद काढलात, नवं पान लिहून शिवलंत. दोरा तेवढा जुना मिळाला नाही. वयनीने चोरली असती तर तिच्याविरुद्ध बोलणारी वही तिने चुलीत घातली असती, टोपलीखाली जपली नसती. ती तुम्ही ठेवलीत, तिचं तोंड कायमचं बंद व्हावं म्हणून."

"चाळीस वर्षं शिकवलं इथे," गुरुजी हळूच म्हणाले. "एका भिंतीवरसुद्धा माझं नाव नाही."

"खरं पान कुठे आहे?"

गुरुजींनी खिशातून घडी काढली. "फाडवलं नाही. माझंच अक्षर. तारीख तेवढी झेंड्याच्या दिवसाची शोभेल वाटली."

"वाचा," सत्यवती म्हणाली. "माज्यासमोर वाचा."

गुरुजींनी चष्मा पुसला. "२ ऑक्टोबर १९७७. बाबली तांडेल याने तिघांना जमवून पहिली शर्यत लावली. त्याचीच होडी पहिली आली. होडीचं शीड शिवणारी, त्याची पत्नी सत्यवती."

सत्यवती पुढे सरकली.

"माजा नाव? वहीत?"

"बाबलीने सांगितलं होतं. 'पयला तिचा नाव घाल,' म्हणाला. मी शेवटी घातलं."

सत्यवतीने पदर तोंडाशी धरला. रडं आवरायला तिला बराच वेळ लागला. ओमकार मान खाली घालून उभा होता. महादूने तक्रारीचा कागद उघडला आणि पेन तसंच धरून ठेवलं.

"गुरुजी," ती म्हणाली, "ता परत वाचा."