तुडुमावरची छत्री

"एकडोळी!"

"दोनडोळी!"

"एकडोळीच! खिशात मावते!"

"मग खिशातच ठेव ना! डोळ्याले काऊन लावतेस?"

चंद्रपूरहून कोसंबटोल्याला जाणाऱ्या एसटीत भाग्यश्री आणि निकेश या बहीणभावांचं हे भांडण दोन तास चाललं होतं. पुढच्या बाकावरच्या काकूंनी तीनदा मागं वळून पाहिलं. चौथ्यांदा त्यांनी जागाच बदलली.

भांडणाचं मूळ त्यांना न्यायला आलेल्या आणि शेजारी बसलेल्या प्रफुल्लमामाच्या पिशवीत होतं. मामा कोसंबटोल्याच्या शाळेत मास्तर. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरं येणार म्हणून त्यांनी ओळखीच्या दुकानातून दोन दुर्बिणी आणल्या होत्या. एक नेहमीची, दोन नळ्यांची, बायनाक्युलर. दुसरी एकाच नळीची, मूठभर लांबीची, मोनोक्युलर. दोन्हींवर आकडा आठचाच होता, म्हणजे दोन्हींतून वस्तू आठपट जवळ दिसायची.

"शनिवारी मी परत चंद्रपूरले जाणार," मामा म्हणाले. "तोपर्यंत दोन्ही वापरा. एक आपली, एक दुकानदाराची. पण कारण सांगा! नुसतं 'आवडली' म्हणाल त दोन्ही परत!"

मंगळवारी सकाळी दोघं गावाबाहेरच्या टेकडीवर चढले. सोबत शेजारची गिरजा होती. गिरजा बारा वर्षांची, भाग्यश्रीहून एका वर्षानं लहान आणि निकेशहून एका वर्षानं मोठी. तिचे बाबा उमाजी गावच्या मच्छीमार सोसायटीच्या तलावाची राखण करायचे. टेकडीवरून तो सगळा तलाव दिसायचा. मातीची लांब पाळ, पाळीच्या मधोमध पाणी सोडायचं दगडी दार, ज्याला तिकडं तुडूम म्हणतात, आणि कडेला बेशरमची झुडपं.

"हे पाय!" निकेशनं एका हातानं फांदी धरली आणि दुसऱ्या हातानं एकडोळी लावली. "झाडावर चढूनही पाहता येते! तुही दोनडोळी घेऊन चढून दाखव!"

भाग्यश्री चढली नाही. ती खाली बसून निवांत बगळे पाहत राहिली. पाच मिनिटांनी निकेश डोळा चोळत खाली आला. मिटलेला डोळा दुखत होता आणि उघड्या डोळ्यातून पाणी येत होतं. हे त्यानं अर्थातच कबूल केलं नाही.

तेवढ्यात काठी टेकत बापूराव आले. ते सोसायटीचे अध्यक्ष. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या.

"का पाहून राह्यले रे पोट्टेहो? दाखव बरं मले!"

निकेशनं मोठ्या अभिमानानं एकडोळी पुढं केली. बापूरावांनी एक डोळा मिटला, तोंड उघडलं आणि नळी तलावाकडं रोखली.  मग ते एकदम ओरडले.

"सापडला! अरे, हा त उमाजी! तुडुमावरच बसला आहे छत्री घेऊन! म्हणूनच मी म्हणतो, पाणी जाते कुठी!"

गिरजाचा चेहरा उतरला. तलावाचं पाणी आठवडाभर रोज चार बोटं उतरत होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मे महिन्यात उरलेल्या त्या पाण्यात मोठी मासळी तग धरून असते. पावसात तीच अंडी घालते. ते पाणी गेलं की पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार?

"रोज सकाळी मी स्वतः तुडुमाच्या फटीत माह्या घरचं धानाचं तणीस कोंबतो," बापूराव म्हणाले. "आन रोज संध्याकाळी फट मोकळी! आता समजलं कोण काढते ते. कोण्या धानवाल्याले पाणी सोडून राह्यला हा! शुक्रवारी सभा आहे. पाणी सोडणाऱ्याचं जाळं वर्षभर तलावाबाहेर, हा आपला जुना नियम. आपल्याच राखणदाराले कसा चुकन?"

"आबाजी, माहे बाबा असं करणार नाईत!" गिरजा म्हणाली.

"मी माह्या डोळ्यानं पाह्यलं!"

बापूराव तरातरा उतरून गेले आणि संध्याकाळपर्यंत ही बातमी घरोघरी पोहोचली. राखणीचं काम जाईल याची उमाजींना तेवढी खंत नव्हती. पण वर्षभर जाळं बंद, म्हणजे तलावाच्या काठावर राहून मासळीला हात लावायचा नाही, आणि तेही चोर म्हणून. त्या रात्री ते जेवले नाहीत. गिरजाही जेवली नाही.

निकेशला फार वाईट वाटलं. दुर्बीण त्यानंच दिली होती!

बुधवारी दुपारी तिघं पुन्हा टेकडीवर गेले. निकेशनं एकडोळी लावली. छत्री खरंच तुडुमावर दिसत होती. काळी, मोठी, अगदी दगडाला टेकलेली.

"गिरजा," तो हळूच म्हणाला, "तुहे बाबा..."

"थांब!" भाग्यश्रीनं दोनडोळी लावली होती. तिनं ती काढली, पुन्हा लावली. मग उजव्या नळीवर हात ठेवून पाहिलं आणि हात काढून पाहिलं. "अरे, छत्री अलीकडं आहे! तुडूम किती तरी मागं आहे! एक नळी झाकली की दोन्ही चिकटतात. दोन्ही डोळ्यांनी पाह्यलं की सुटी होतात!"

"असं कसं?" निकेश म्हणाला.

"दोन डोळे दोन जागेवरून पाहतात ना! म्हणून पुढं काय आन मागं काय, ते समजते. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाय एकदा!"

गिरजा ऐकायला थांबलीच नाही. ती टेकडी उतरून थेट पाळीवर धावली. उमाजी एका चपट्या दगडावर बसले होते. तिथून तुडुमापर्यंत तिनं पावलं मोजली. एकशे चाळीस! टेकडीवरून पाहिलं की दगड आणि तुडूम एका रेषेत यायचे, एवढंच.

"म्हणजे बाबा सुटले!" परत येऊन धापा टाकत ती म्हणाली.

"नाई सुटले," भाग्यश्री म्हणाली. "फट कोण मोकळी करते, ते कुठी समजलं? आबाजी म्हणतील, दगडावर बसून असते आन मधेच उठून जाते."

हे बरोबर होतं, आणि बरोबर असलं तरी गिरजाला तिचा राग आला.

मग पहारा ठरला. गुरुवारी सकाळपासून टेकडीवरच्या पळसाच्या सावलीत तिघं आळीपाळीनं दोनडोळी लावून बसले. आठ वाजता बापूराव आले. हिरवट-पिवळं, कोरडं तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, त्यांनी फटीत ठासून भरलं आणि समाधानानं मिशीवर हात फिरवून गेले. दहा वाजले. अकरा वाजले. डबा संपला. निकेशनं पाणीही संपवलं. दगडावरून उमाजी हलले नाहीत आणि तुडुमाजवळ कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

"कोणीच नाई येत," तो जांभई देत म्हणाला. "बापूराव आबाजींच्या म्हशी आल्या डुंबाले, बस."

"आन त्या का करून राह्यल्या?" भाग्यश्रीनं दोनडोळी हिसकावली. ती क्षणभर पाहत राहिली आणि हसत हसत मागं कलंडली. "गिरजे! पाय, पाय! चोर पाय!"

गिरजानं पाहिलं. पाण्यातून एक काळं डोकं वर आलं होतं. मान लांबवून त्यानं फटीतलं तणीस दातांत धरलं, ओढलं आणि डोळे मिटून चावायला सुरुवात केली. मग दुसरा घास. तिसरा! ही बापूरावांची लाडकी म्हैस मैना. मे महिन्यात हिरवा चारा नाही, आणि इथं मालक रोज सकाळी न चुकता ताट वाढून जात होते!

गिरजा हसली नाही. ती रडत होती. भाग्यश्रीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुर्बीण तिच्याच हातात राहू दिली.

शुक्रवारी सभेच्या आधी, भर दुपारी, प्रफुल्लमामा बापूरावांना आणि सोसायटीच्या चौघांना टेकडीवर घेऊन आले. बापूराव घामाघूम आणि वैतागलेले होते. खाली उमाजींच्या दगडावर तीच छत्री घेऊन निकेश बसला होता.

"आबाजी, निकेश कुठी बसला आहे?" भाग्यश्रीनं एकडोळी देत विचारलं.

"तुडुमावर! अजून कुठी?"

"आता यातून पाहा."

बापूरावांनी दोनडोळी लावली. मग ती काढली, काचा धोतरानं पुसल्या आणि पुन्हा लावली.

"हा... हा त अलीकडं आहे!"

"हव आबाजी. आता तुडुमाकडंच पाहत राहा. मैना जेवून राह्यली."

चौघांनी दुर्बीण आळीपाळीनं डोळ्यांना लावली. पहिला फिसकन हसला, दुसऱ्याला ठसका लागला आणि तिसऱ्यानं तर जमिनीवर बसकण मारली. बापूरावांनी दुर्बीण हिसकावून पुन्हा पाहिलं.

"पण उमाजीले कसं दिसलं नाई?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

"तुडुमाचं तोंड पाण्याच्या बाजूनं, बेशरमच्या आड. इथून वरून दिसते, पाळीवरून नाई," गिरजा म्हणाली. "आन म्हशी त रोजच डुंबतात. म्हशीवर कोण शक घेते?"

सोसायटीतले एक म्हातारे पुढं आले. "आपले बाप-आजे तुडुमाची फट पायानं तुडवून मळलेल्या मातीनं आन जुन्या जाळ्याच्या चिंध्यांनी बुजवत होते, बापूराव. अर्धा दिवस पाय दुखत, पण पाणी थेंबभर जात नव्हतं. तुम्ही तणीस कोंबलं! कष्ट वाचवले आन म्हैस पोसली!" मग ते मुलांकडं वळले. "शाबास रे पोरांनो! आम्ही बोलणं ऐकूनच निवाडा करून बसलो होतो. तुम्ही दोन दिवस टेकडीवर बसून पाह्यलं."

निकेश खालून धापा टाकत वर आला, तशी मामांनी तिथंच विचारलं, "मग? कोणती ठेवायची?"

"चालता चालता पाहायचं असन, झाडावर चढायचं असन, त एकडोळी," निकेश म्हणाला. "पण एका जागी बसून नीट पाहायचं असन त दोनडोळी. आपल्याले बसून पाहायचं आहे. दोनडोळी ठेवा, मामा." भावानं एवढी समजूत दाखवल्याचं भाग्यश्रीला फार नवल वाटलं.

संध्याकाळची सभा पाळीवरच भरली. नियम सगळ्यांना ठाऊक होता आणि सगळे अध्यक्षांकडं पाहत होते. बापूरावांनी चपला काढल्या, धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आणि ते उमाजींनी कालवून ठेवलेल्या मातीत उतरले. गावानं आपल्या अध्यक्षांचे गुडघे पहिल्यांदाच पाहिले. ते माती तुडवू लागले.

"उमाजी," ते मान खाली घालूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "माह्यं चुकलं. मी तुले चोर म्हटलं. जाळं बंद करायचं त माह्यं करा."

 गिरजानं बाबांचा हात घट्ट धरला. उमाजींनी वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांत चोळून पाहिली आणि 'नाही' अशी मान हलवली.

"माती अजून कच्ची आहे, बापूराव भाऊ," ते म्हणाले. "बोलू नका. पाय मारा."