भारेवाल्यांची वाट

शहाण्णव सालची गोष्ट. शाळेला गौरी-गणपतीची सुट्टी होती. गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि कुंदन त्र्यंबकच्या पलीकडच्या डोंगरांत चित्रं काढायला निघालो. मी तेव्हा नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. कुंदन ओझरच्या विमान कारखान्यात ड्राफ्ट्समन. वर्षातून अशी चार-पाच दिवसांची फेरी आम्ही करायचोच. खांद्याला झोळी, काखेत चित्रं काढायचा पाट, कागद भिजू नयेत म्हणून प्लास्टिकचं कापड आणि सविताने, म्हणजे कुंदनच्या बायकोने, बांधून दिलेल्या दशम्या.

आमच्या दोघांच्या तऱ्हा वेगळ्या. एखादं झाड नडत असेल तर मी चित्रात ते खुशाल दुसरीकडे लावायचो. कुंदनचं तसं नव्हतं. समोर विजेचा खांब असला की तो त्याच्या चित्रात येणारच, तारांसकट. मी चिडवलं की म्हणायचा, "जे आहे ते काढतो बाबा. नाही ते मला काढता येत नाही."

आमच्या शाळेतला शिपाई बुधा त्या भागातला. त्याच्या पाड्यावर त्याची आई चिमणाबाई एकटी राहायची. आमची उतरायची सोय त्याने तिच्याकडे केली होती. एसटी सोडल्यावर दीड तास चढ. पाडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावर आठ-दहा कुडाची घरं. म्हातारीने आमच्या पायांवर पाणी घातलं, पडवीत घोंगडी टाकली आणि नागलीची भाकरी वाढली. बोलायची कमी. सत्तरीची असेल, पण कमरेत वाकलेली नव्हती.

मी प्रवासात वही ठेवायचो. प्रत्येक चित्राशेजारी वेळ, वारा, रंग टिपायचे, म्हणजे घरी आल्यावर मोठं चित्र करता येतं. दुसऱ्या दिवसाची नोंद अजून आहे. 'दुपार, सव्वातीन. वारा नाही. समोर काळा कडा, त्यावर शेवाळाचा हिरवा. गवत कमरेएवढं, अजून कोवळं. उजवीकडे ढग उतरतोय.'

आम्ही डोंगराच्या एका सोंडेवर बसलो होतो. मध्ये खोल दरी आणि समोर पाड्याच्या मागचा कडा, ताठ, तासून काढल्यासारखा. तासाभराने मी ब्रश धुतला आणि सवयीने कुंदनच्या कागदात डोकावलो.

कडा हुबेहूब होता. पण त्याच्या अंगावरून एक वाट काढलेली होती. माथ्यापासून निघून नागमोडी वळणं घेत पार खाली गेलेली. आणि वाटेवर माणसं. म्हणजे माणसं दिसत नव्हती. डोक्यावर गवताचे एवढाले भारे, की खाली फक्त पाय. चालते भारेच. त्यांना त्याने गेरूमिश्रित पिवळा दिला होता, वाळक्या गवताचा.

"हे काय रे?" मी विचारलं.

"काय काय?"

"ही वाट. आणि ही माणसं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. "अरे जीवन, मघापासून उतरतायत की. तू काढली नाहीस?"

मी कड्याकडे पाहिलं. शेळीचा पाय टेकेल एवढीही जागा तिथे नव्हती. मला वाटलं, माझी फिरकी घेतोय. पण कुंदनला ते जमायचं नाही. मी हळूच म्हटलं, "कुंदन, गवत तर सगळं हिरवं आहे. कापणी दिवाळीच्या सुमाराला होते. वाळलेले भारे आत्ता कुठून येतील?"

तो बराच वेळ कड्याकडे पाहत राहिला. "ते मला माहीत नाही," म्हणाला. "पण उतरतायत."

संध्याकाळी त्याने चित्र पडवीत वाळायला ठेवलं. चिमणाबाई लाकडं घेऊन आली आणि चित्रापाशी थांबली. मोळी हळू खाली ठेवली.

"ही कुणी काढली?"

"मी," कुंदन म्हणाला.

"तुला दिसली वाट?"

"हो. का?"

म्हातारी चित्रावर वाकली. बोट कागदाला न लावता एकेका भाऱ्यावरून फिरवत गेली. ओठ हलत होते.

"नाय आता वाट तिथं," ती म्हणाली. "लय वर्सं झाली. गवत कापून भारे खाली सडकंला न्यायचे. त्या साली पाऊस लांबला व्हता, डोंगर भिजल्याला. दरड सुटली. सतरा माणसं वाटंवर व्हती. वाट बी गेली अन् माणसं बी. माझी धाकली बहीण त्यात. धुरपा."

बाहेर पाणी ठिबकत होतं. मग तिने मला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मास्तर, उद्याची पहिली गाडी धरा. याला हितं ठेवू नका. ज्याला वाट दिसते त्याला कुणी बोलवत नाय... त्यो आपणहून जातो."

मी शिकलेला माणूस. मला हसू नाही आलं, पण पटलंही नाही. तरी सकाळी निघायचं ठरवलं. पण सकाळी मुसळधार. ओढ्याला पाणी आलं, त्यावरचा फरशीपूल बुडाला. गाडी येणार नाही असं कुणीतरी सांगून गेलं.

दुपारी पाऊस थांबला आणि धुकं उतरलं. डोंगरात राहणाऱ्यांना ते नवीन नाही, पण असं धुकं मी पाहिलं नव्हतं. पडवीतून अंगणातली तुळस दिसेना. मी पाठ टेकली तर डोळा लागला. जागा झालो तेव्हा शेजारचं घोंगडं रिकामं होतं. कुंदनचे बूट पडवीत नीट जोडीने ठेवलेले.

"चिमणाबाई!"

ती दारातच उभी होती. काही विचारलं नाही तिने. माझं मनगट धरलं आणि निघाली. धुक्यातही तिचे पाय अडखळत नव्हते. गवत छातीला घासत होतं. मी हाका मारायला लागलो तर तिने माझं मनगट दाबलं. "वरडू नको."

दहा-पंधरा मिनिटांनी गवत संपलं, खडक लागला. पुढे धुक्यात एक पाठ दिसली. कुंदन अनवाणी उभा होता. मी जाऊन त्याचा दंड धरला. अंग गार नव्हतं. चांगलं घामेजलेलं, चढून आल्यासारखं.

"चल परत," मी म्हणालो.

"थांब रे," तो अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला. "यांना जाऊ दे. मग आपण उतरू."

तेव्हा मला ऐकू आलं. आमच्या मागून. ओझ्याखालच्या माणसाचा श्वास कसा येतो ते ठाऊक आहे ना? तोंडाने, तुटक. तसे पुष्कळ श्वास. आणि गवत घासटत आल्याची सळसळ. ओल्या गवताची नव्हे. करकरीत वाळलेल्या.

"सरक..." चिमणाबाई कुजबुजली. "बाजूला सरक. ओझ्याला वाट दे."

मी कुंदनला ओढून खडकाला चिकटलो. दिसलं काहीच नाही. पांढरं, नुसतं पांढरं. पण गालाला कुसळं टोचत गेली. एकदा. पुन्हा एकदा. त्या ओल्या धुक्यात सुक्या गवताचा वास असा भरला की मला खोकला आला आणि मी तो गिळला. पावलं आमच्यासमोरून जात होती आणि पुढे जाऊन थांबत नव्हती. पडल्याचा आवाज नाही, काही नाही. सावकाश, पाय रोवत, खाली खाली उतरत होती.

मी मोजत नव्हतो. चिमणाबाई मोजत असावी. कारण एका पावलापाशी तिच्या तोंडून निघालं, "धुरपे..."

पाऊल थांबलं.

आमच्यापासून हातभर अंतरावर कुणीतरी उभं राहिलं. भारा सावरल्याची बारीक सळसळ झाली. म्हातारीने पदर तोंडात कोंबला होता, तिचे खांदे हलत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग एक लांब उसासा, आणि पाऊल पुढे गेलं.

त्या क्षणी कुंदनने माझ्या हाताला हिसडा दिला आणि त्या पावलामागे पाऊल टाकलं. मी दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला मिठी मारली आणि मागे पडलो. तो माझ्या अंगावर. माझं डावं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला, पण सोडलं नाही. म्हातारी आम्हा दोघांच्या वर आडवी पडली आणि आपल्या बोलीत काहीतरी म्हणत राहिली.

धुकं विरलं तेव्हा पाहिलं. कुंदनच्या टाचा खडकावर होत्या. पायांची बोटं दरीवर.

परतताना तो शांत होता. "मला कसं कळलं नाही रे?" एवढंच दोनदा म्हणाला. चित्र चिमणाबाईने मागून घेतलं. त्याचं तिने काय केलं ते मी विचारलं नाही.

नंतर आमच्या फेऱ्या थांबल्या. माझं मनगट वाकडं जुळलं, त्याच्या ड्युट्या बदलल्या, भेटी विरळ झाल्या. दोन हजार तीन साली मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी ओझरला त्याच्या घरी गेलो. दिवेलागणीची वेळ. कुंदन छान होता. केस पिकले होते, पण हसणं तेच. पुढच्या खोलीत आम्ही सतरंजीवर बसून गप्पा मारत होतो. बोलता बोलता तो उठला, दाराच्या कडेला भिंतीला पाठ लावून क्षणभर उभा राहिला, मग पुन्हा येऊन बसला आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे बोलू लागला.

सविता चहा घेऊन आली. तीही उंबऱ्याशी थबकली, ट्रे छातीशी धरून अंग चोरून बाजूला झाली आणि मग आत आली.

कुंदन साखर आणायला आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "सविता, तुला... काही दिसतं का?"

"छे हो भाऊजी," ती कप माझ्या हातात देत म्हणाली. "दिसत नाही काहीच. पण नाही सरकलं, तर धक्का लागतो."

साखरेचा डबा घेऊन कुंदन दारात आला. आला आणि तिथेच कडेला थांबला.

"जीवन," तो म्हणाला, "पाय जरा आत घे."

मी घेतले.